एक ना धड, भाराभर गोधड्या

हे मार्गदर्शन गोधडी कशी शिवावी याचे नाही. ते सांगणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि त्यांच्या गोधड्या शिवून होतात, त्यामुळे पुढचे त्यांना विचारण्यात अर्थ नाही. हे मार्गदर्शन ज्यांच्या शिवून होत नाहीत त्यांच्यासाठी आहे. माझा अधिकार काय असे विचाराल, तर आजमितीस माझ्या घरात सात अर्धवट गोधड्या आहेत. तीन पोटमाळ्यावर, दोन दिवाणात, एक लोखंडी ट्रंकेत आणि एक पाहुण्यांच्या खोलीत गादीखाली. ही शेवटची तिथे गादीचा खळगा भरून काढण्यासाठी ठेवली आहे, असे मी घरात सांगितलेले आहे.

तुमच्याकडे एकच असेल तर तुम्ही अजून नवशिक्यासुद्धा नाही. एक अर्धवट गोधडी म्हणजे नुसते राहून गेलेले काम. काहीतरी निर्णय घ्यायला हवा अशी वेळ यायला किमान तीन लागतात.

मुहूर्त

घटस्थापनेच्या आधी आपल्याकडे दसरा काढतात. घरातले झाडून सगळे अंथरूण-पांघरूण, डबे, भांडी बाहेर काढायची, धुवायची, वाळवायची. माझ्या माहेरी गोधड्या ओढ्यावर जायच्या. भिजलेली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही. दोघींनी दोन टोके धरून उलटसुलट पिळायची आणि खडकावर पसरायची. संध्याकाळपर्यंत अख्खा ओढाकाठ लुगड्यांच्या काठांनी भरलेला असे. आता ओढ्याच्या जागी मोरी आणि खडकाच्या जागी सोसायटीची गच्ची आहे, बाकी दमणूक तेवढीच.

अर्धवट गोधड्या वर्षातून एकदा उजेडात येतात त्या या दिवशी. तेव्हा पहिला नियम असा, की अर्धवट गोधडी धुवायची नाही. ज्या भागात टाके पडलेले नाहीत तिथले आतले थर पाण्यात सरकतात आणि त्यांचा बोळा होतो. एकदा बोळा झाला की ती गोधडी राहत नाही, गाठोडे होते. म्हणून तिला फक्त ऊन द्यायचे, झटकायचे आणि परत वर ठेवायचे. पुऱ्या केलेल्या गोधड्या दरवर्षी आपटून घ्याव्या लागतात आणि अर्धवट राहिलेल्या तेवढ्यातून सुटतात, हा आळसाचा पहिला रोख फायदा.

दुसरा नियम: ‘ठेवायचंय की टाकायचंय?’ या प्रश्नाला स्टुलावर उभे असताना उत्तर देऊ नये. हा प्रश्न नेहमी स्टूल धरून खाली उभा असलेला माणूस विचारतो, आणि आमच्याकडे तो माणूस सेवानिवृत्त आहे, म्हणजे त्याला उत्तर ऐकायला वेळच वेळ आहे.

मराठी भाषा या बाबतीत घोंगड्यावर उगाच घसरली आहे. रखडलेल्या कामाला भिजत घोंगडे म्हणतात. पण घोंगडे भिजले तर निदान वाळते तरी. हा मान न्यायाने गोधडीचा होता.

ओळख परेड

आता सगळ्या गोधड्या खाली मांडा. नवशिक्या बायका इथे एक चूक करतात: काम किती झाले आहे ते बघतात. निम्मी झाली, पाऊण झाली, नुसते थर घातले आहेत, वगैरे. त्यावरून काहीही ठरत नाही. पाऊण झालेली गोधडी वीस वर्षे पडून राहते आणि नुसते थर घातलेली चार दिवसांत होते, हे मी पाहिलेले आहे. (चार दिवसांत झालेली माझी नव्हती.) बघायचे ते हे, की ती थांबली का.

पण त्याआधी सुई शोधा. अर्धवट गोधडीत सुई असतेच. हात फिरवून नव्हे, पायाने तर मुळीच नव्हे; लोहचुंबक फिरवून शोधावी. सुई गंजलेली निघते आणि तिच्याभोवती तांबूस डाग पडलेला असतो. लिंबू आणि मीठ चोळून तेवढाच भाग उन्हात धरला तर डाग बराचसा जातो. मग कापड बघा. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून आडवे ताणा, उभे ताणा. उजेडासमोर धरा. चर्र असा बारीक आवाज आला किंवा पलीकडची खिडकी दिसली, तर कापड विरले आहे. रिळावरचा जुना दोराही झटका देऊन बघा. चांगल्या कापडात कुजका दोरा घालणे हे, माझी आई म्हणायची, चांगल्या सुनेला कुजकी नणंद मिळण्यासारखे आहे. माझ्या वन्सं हे वाचणार नाहीत, त्या गोधड्या पुऱ्या करतात.

आता माझ्या सातांची ओळख करून देते. तुमच्याही साधारण अशाच निघतील.

पहिले दुपटे. बाळाच्या अंगाला पहिले कापड जुनेच लावावे, ते मऊ असते आणि नव्यासारखी दृष्टही लागत नाही, म्हणून वन्संच्या नातवासाठी मी सासूबाईंच्या दोन मऊसूत पातळांचे दुपटे घेतले होते. बारशाला द्यायचे ठरले. मग उष्टावणाला. मग मुंजीला, आसन म्हणून. मुलगा आता बारावीला आहे. हे दुपटे थांबले नाही, ते पळणाऱ्या बाळाच्या मागे धावता धावता मागे पडले. अशा दुपट्याचा निर्णय सोपा असतो: त्याच बाळाच्या बाळासाठी राखून ठेवायचे. शिवायला पुन्हा दहा-बारा वर्षे हाताशी येतात.

दुसरी टेरिकॉटची. ही ह्यांच्या ऑफिसच्या सदऱ्यांची. ऐंशीच्या दशकातले ते सदरे अजून जसेच्या तसे आहेत, कारण पॉलिस्टर विरत नाही. त्यातच मेख आहे. गोधडी विरलेल्या सुती कापडाचीच होते. ते कापड सुईला वाट देते, थर एकमेकांना धरून राहतात, घाम टिपतात. टेरिकॉटचे थर एकमेकांवरून घसरतात, सुई कुरकुरते आणि झालीच गोधडी, तर खाली झोपणारा माणूस निथळतो. ही तांत्रिक कारणाने थांबली आहे. अशा गोधडीचे काहीही होऊ शकत नाही. मोलकरणीला नाही, अनाथाश्रमाला नाही, कोणालाच देऊ नये. पावसाळ्यात स्कूटर झाकायला उत्तम.

तिसरी लॉकडाउनची. २०२० च्या मार्चअखेरीला मी मोठ्या उमेदीने सुती ओढण्यांचे थर घातले. एप्रिलमध्ये सोसायटीला मास्क हवे होते. तीन थरांचे मास्क, आणि माझ्यासमोर तीन थर घातलेलेच पडले होते. इलॅस्टिक मिळेना म्हणून परकराच्या नाड्या लावल्या. त्या गोधडीला आता मधोमध सतरा चौकोनी भोके आहेत. तिच्याकडे बघून मला अजिबात वाईट वाटत नाही. ती अर्धवट नाहीच, ती वापरून संपली आहे, फक्त कडा शिल्लक राहिल्या.

चौथी सासूबाईंची. इथे जरा थांबते.

सासूबाई कडेने सुरुवात करून फिरत फिरत मध्याकडे येत. कडेचे टाके पाहिले तर तांदळाच्या कणीएवढे, एका ओळीत, जणू छापले आहेत. चौथ्या-पाचव्या फेरीपासून ते गव्हाएवढे होतात. मग हरभऱ्याएवढे. मग ओळ थोडी वाकडी जाऊ लागते, एके ठिकाणी स्वतःलाच छेदून पलीकडे जाते. तिथे गोधडी थांबली आहे. मोतीबिंदू झाल्याचे त्यांनी आम्हाला सांगितले त्याच्या दोन वर्षे आधीपासून गोधडी ते सांगत होती. आम्ही तिच्यावर बसून टीव्ही बघत होतो. त्यांच्या पश्चात मी पुढे चार टाके घालून पाहिले. माझा टाका पावट्याएवढा पडतो. ते चार टाके मी त्याच दिवशी उसवले. अशा गोधडीवर माझा सल्ला असा: हात बदलू नये. आहे त्या ठिकाणी दोऱ्याला गाठ मारा, उघड्या भागाला चार-दोन कच्चे टाके घाला म्हणजे थर सरकणार नाहीत, आणि घडी घालताना त्यांची बाजू आत ठेवा, म्हणजे उन्हाने काठाचा रंग जात नाही.

पाचवी कोणाची, माहीत नाही. घरातल्या प्रत्येकाने कानावर हात ठेवले आहेत. बहुधा ती आधीच्या भाडेकरूंची असून पोटमाळ्यासकट आम्हाला मिळाली. दुसऱ्याची अर्धवट गोधडी आपल्या डोक्यावर बाळगणे हा शुद्ध गाढवपणा आहे. तिचे काम चांगले आहे. मी ती ठेवली आहे.

सहावी आईच्या लुगड्याची. नऊवारी म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटर. त्याला लांबीत चार घड्या घातल्या की दोन मीटर लांब आणि एका माणसाला पुरेल एवढ्या रुंदीची चौघडी होते, कात्री न लावता. एवढे सोपे काम. मी लुगडे पसरले, घड्या घातल्या, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा आणि दोन डबे ठेवले, आणि हात फिरवताना पदराच्या टोकाला गाठ लागली. आई काही लक्षात ठेवायचे असले की पदराला गाठ मारायची. आमचे घर खूणगाठींवर चालत असे. कॅलेंडर होते, पण ते दूधवाल्याचे. आता ही गाठ कशाची होती हे सांगायला कोणी नाही. कोणाचे पैसे द्यायचे होते, की मला काही सांगायचे होते, की नुसते हिंग आणायचे होते. गाठ सोडवली तर ते, जे काय होते ते, कायमचे विसरले जाईल. न सोडवता थर सपाट बसत नाहीत. तिथे टाका नीट पडत नाही. या प्रकारावर माझ्याकडे सध्या तरी मार्गदर्शन नाही. पुढे चला.

सातवी षटकोनांची. हिच्याबद्दल शेवटी.

पुरी करण्याचा अविचार

कधीतरी तुमच्या मनात येईल, की सरळ शिवूनच टाकावी. हा विचार येताच कागद-पेन्सिल घ्या. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी, दोन ओळींत अर्धा इंच अंतर धरले, तर एकूण १०,०८० इंच धावदोरा होतो, म्हणजे ८४० फूट. इंचाला तीन टाके या मानाने ३०,२४० टाके. निम्मी झाली आहे असे समजू. उरले १५,१२०. मिनिटाला २० टाके आणि रोज अर्धा तास, तर २५ दिवस. २५ दिवसांत दिवाळीआधी सहज होईल, असे हा हिशेब सांगतो, आणि मी घातलेल्या सगळ्या गोधड्या याच हिशेबावर सुरू झालेल्या आहेत.

खरा अर्धा तास असा असतो. चष्मा शोधणे ८ मिनिटे. सुईत दोरा ओवणे ६ मिनिटे. दोरा लांब घेतल्यामुळे पडलेला गुंता सोडवणे ५ मिनिटे (दोरा हातभरच घ्यावा, लांब दोरा आळशी बाई घेते, हे मला वयाच्या नवव्या वर्षापासून सांगितले जात आहे). दारावरची बेल ४ मिनिटे. गोधडीवर येऊन बसलेल्या माणसाला उठवणे ४ मिनिटे. उरली ३ मिनिटे, साठ टाके. २५२ दिवस. तोवर पुन्हा दसरा काढायची वेळ येतेच.

मशीनवर टाकू का, असे विचाराल. टाका. १८ नंबरची जाड सुई लावा, पायाचा दाब कमी करा, आणि सहा थरांच्या वर जाऊ नका. मी आठ थर घातले होते. सुईचे टोक गोधडीतच राहिले. वर ज्या सुईबद्दल सांगितले ती ही नव्हे, ही वेगळी.

बाहेरून शिवून घेता येते. पूर्वी वाकळ शिवून देणाऱ्या बायका दारावर येत, ओसरीत बसून दिवसभर शिवत आणि गावभरच्या बातम्या टाक्याटाक्यात घालून जात. आता दुकाने आहेत. मी एका दुकानात सासूबाईंची नेली होती. त्याने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, हे सगळं उसवून नव्याने करावं लागेल. मी तिथून तशीच परत आले.

विल्हेवाट

सगळ्यात पहिले नाव बोहारणीचे सुचते. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ही बाई आणि गोधडी यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर आहे; घरातले प्रत्येक विरलेले पातळ एकतर हिच्या गाठोड्यात जाते नाहीतर गोधडीत. मी तिच्यापुढे टेरिकॉटची टाकली. तिने एका बोटाने उचलली.

“ताई, कापड म्हणावं तर शिवलंय. गोधडी म्हणावं तर उघडीय. काय देऊ?”

“वाटी दे.”

तिने चहाची गाळणी काढली. तीही प्लॅस्टिकची. मी गोधडी आत नेली. निदान पातेल्यापर्यंत जाईल असे वाटत होते.

मग मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारले. आपली अडगळ दुसऱ्याला देताना आपण फार उदार दिसतो, हे मला ठाऊक आहे; मावशींनाही ठाऊक होते. त्या म्हणाल्या, “नको बाई, माझ्याच तीन पडल्यात.” त्यानंतर आमचे संबंध पुष्कळ सुधारले.

कापून लहान करणे हा मध्यममार्ग. मोठी गोधडी होत नसेल तर झाला तेवढा भाग कापून दुपटे करा. दुपटेही होईना तर आसन. आसन होईना तर इस्त्रीखालचे अंथरूण. मग पायपुसणे. मग चुलीवरचे भांडे उतरवायचे मसोते. या उतरंडीत प्रत्येक पायरीवर चारी बाजूंना नवा गोट लावावा लागतो, आणि गोट लावायचा राहून गेला की तुमच्याकडे अर्धवट मसोते तयार होते. माझ्याकडे चार आहेत. ती सातांत धरलेली नाहीत.

कडेची ही कटकट मुळातच टाळणारीही एक पद्धत आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला, सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांची ही माणसे. कोकणी, मराठी, कन्नड अशा मिसळीत बोलतात. त्या आधी तुकडे जोडून मग थर घालत नाहीत. खाली जुनी साडी पसरतात, एका कोपऱ्यातून निघतात आणि तुकडे दुमडून ठेवत, शिवत, गोल गोल आत येतात. शेवटी चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुले लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते म्हणे. या पद्धतीत काम सोडले तरी कडा पुऱ्या असतात. मला ही युक्ती पन्नास वर्षे आधी कळायला हवी होती.

शास्त्राला सगळ्यात धरून असलेला मार्ग मात्र वेगळाच आहे. आपल्याकडे फाटलेली गोधडी टाकत नाहीत, नव्या गोधडीच्या पोटात घालतात. वर नवे लुगडे, खाली नवे लुगडे, मधे आजीची. म्हणजे पुरी झालेली गोधडीसुद्धा पुढे कोणाच्या तरी पोटातला थरच होते. गाडगेबाबांना काही ठिकाणी लोक गोधडेबुवा किंवा चिंधेबुवा म्हणत. त्यांच्या अंगावरच्या ठिगळांत पहिले कापड कोणते आणि शेवटचे कोणते हे कोणी विचारत नव्हते. तेव्हा एक अर्धवट गोधडी दुसऱ्या अर्धवट गोधडीत घालावी, असे मला सुचले. मी दुसरीत पाचवी घातली. त्यावर आता दाभण चालत नाही, दाभण ओढायला पक्कड लागते, आणि पक्कड ह्यांच्याकडे असल्यामुळे त्यांना तो प्रकार दाखवावा लागला. हिशेबाने मात्र सातांच्या सहा झाल्या.

षटकोन

माझी भाची न्यू जर्सीला असते. तिने सांगितले, की तिकडे क्विल्ट करणाऱ्या बायका अशा पडून राहिलेल्या कामाला यूएफओ म्हणतात, अनफिनिश्ड ऑब्जेक्ट्स. उडत्या तबकडीशी साम्य इतकेच, की ती असल्याचे घरात एकच जण शपथेवर सांगतो. दुसरा शब्द पीएच.डी., म्हणजे प्रोजेक्ट्स हाफ डन. त्या हिशेबाने माझ्या सहा झाल्या, त्याही गाईड न घेता.

तिच्याच नादाने मी पूर्वी एक क्लास लावला होता. जाड कागदाचे षटकोन कापायचे, त्यावर कापड दुमडून कच्चे टाके घालायचे, कडेला कड लावून षटकोन जोडायचे आणि शेवटी सगळे कागद काढून घ्यायचे. जाड कागद म्हणून मी लग्नपत्रिका वापरल्या. घरात दोन पिशव्या भरून होत्या, आणि आतला गणपती कापायचा नाही एवढे पथ्य पाळले. चारशेच्या वर षटकोन जोडले. मग कागद काढायचे आले, आणि कंटाळा आला. ही माझ्या सगळ्या गोधड्यांतली एकमेव, जी निव्वळ कंटाळ्याने थांबली. हिच्यामागे मृत्यू नाही, मोतीबिंदू नाही, काही नाही.

गेल्या डिसेंबरात भाची मुलीला घेऊन आली. पुण्याची थंडी होती, धुतलेल्या गोधड्या पुरल्या नाहीत, म्हणून गादीखालची ही काढून मुलीच्या अंगावर घातली. रात्रभर ती कूस बदलली की कागद वाजायचे. सकाळी उठून पाहते तर मुलगी डोक्यासकट गोधडीखाली शिरलेली, हातात टॉर्च. ती तिकडे रविवारच्या मराठी शाळेत जाते, जोडाक्षरे अडखळत वाचते.

“मावशीआजी, ‘सौ. कां.’ म्हणजे काय?”

सांगितले.

“आणि हे? ‘१० वाजून ५२ मि.’ ”

मुहूर्त सांगितला. ते लग्न मोडले आहे, हे सांगितले नाही. एका षटकोनात नुसतेच ‘कृपया आहेर’ होते, पुढचे कात्रीत गेलेले. एकात वधूचे अर्धे नाव आणि त्याला शिवून दुसऱ्याच घरच्या वराचे आडनाव. आम्ही दोघी नऊ वाजेपर्यंत गोधडीखाली होतो. तिला सगळ्यात आवडला तो कोपऱ्यातला, लाल अक्षरांचा. तिने तो चार वेळा मोठ्याने वाचला: ‘मामाच्या लग्नाला यायचं हं!’ कोणाचा मामा, हे त्या तुकड्यावर नव्हते.

जाताना तिने बजावले, की कागद काढायचे नाहीत. तेव्हा तेवढा एक निर्णय झाला. कागद आत ठेवूनच मागून जुने पातळ लावावे, तर वाचता येणार नाही. न लावावे, तर टाके उघडे. यंदा दसरा काढताना ती धुवायची कशी, हे अजून ठरायचे आहे.